पाइपातला समुद्र

बत्तीस वर्षं मी बोटीवर होतो आणि त्यातला बहुतेक काळ मला समुद्र दिसलाच नाही. गावात हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. पण समुद्र बघायचा तो डेकवरच्यांनी. आम्ही इंजिन रूमवाले पाण्याच्या पातळीच्याही खाली, पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात, कानांवर मफ लावून. आमच्याकडे समुद्र यायचा तो पाइपातून. हिरवा रंग मारलेला पाइप म्हणजे समुद्राचं पाणी, निळा म्हणजे गोडं. एवढीच आमची निसर्गशोभा.

आता निवृत्त होऊन विजयदुर्गच्या खाडीकाठी घरी बसल्यावर मात्र वाटतं, की डेकवरच्यांपेक्षा माझीच समुद्राशी जास्त घसट होती. वरून बघणाऱ्याला पाणी इथून तिथून सारखंच. ज्याला त्या पाण्यावर इंजिन थंड ठेवायचं असतं, त्याला मात्र दर समुद्राचं पाणी वेगळं भेटतं.

१९८७ साली मी पाच साब म्हणून चढलो. आपल्याकडचा क्रू असलेल्या बोटीवर चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब, मग उतरत्या भाजणीने सेकंड इंजिनिअर, तीन साब, चार साब आणि सगळ्यांत खाली पाच साब. पाच साबाच्या वाट्याला जे काम येतं त्याला बहुधा वास असतो. माझं पहिलं काम होतं समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ करायचं. बोटीच्या पोटाला जाळी लावलेला एक कोनाडा असतो, त्याला सी चेस्ट म्हणतात. तिथून पाणी आत येतं, गाळणीतून पंपात, पंपातून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरांत, आणि गरम होऊन परत समुद्रात. कोनाडे दोन असतात. खोल समुद्रात तळाजवळचा उघडायचा आणि बंदरात वरचा, नाहीतर चिखल ओढला जातो.

मुंबईबाहेर नांगरावर असताना मी गाळणीचं झाकण काढलं, तर आत प्लॅस्टिकच्या चिंध्या, मूठभर कोळंबी, घमेलंभर शिंपले आणि दोन जिवंत कुर्ल्या. एकीने माझ्या हातमोज्याला नांगी लावलीच. पुढे डर्बनच्या वाटेवर, मॉरिशसच्या आसपास, तीच गाळणी उघडली तर आत काहीच नाही. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखी. मला वाटलं मी भलतंच झाकण उघडलं. तीन साब म्हणाला, ‘वर जाऊन पाणी बघून ये.’ गेलो. इतकं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, ‘निळं दिसतंय ना? म्हणजे उपाशी आहे.’

हे वाक्य मला नंतरच्या सगळ्या वाचनात पुरलं. समुद्रात गवताचं काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक. त्यांना उजेड लागतो आणि खत लागतं, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे. उजेड वरच्या शंभर-दोनशे मीटरांत, आणि खत मात्र मेलेल्या जिवांबरोबर खाली बसलेलं. भर महासागरात वरचं गरम, हलकं पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखं पडून राहतं आणि खत वर येत नाही. जिथे वारा हे झाकण सरकवतो किंवा नद्या गाळ आणून टाकतात, तिथे पाणी हिरवट, गढूळ होतं आणि तिथेच मासळी असते. पर्यटकांना आवडणारं पाणी आणि मासळीला आवडणारं पाणी वेगळं. आमच्या खाडीचं गढूळ पाणी बघून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी आता हेच ऐकवतो.

शिंपल्यांचा मात्र मला राग होता. ते गाळणीत थांबत नाहीत. त्यांची पिल्लं डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक असतात, ती जाळीतून आरामात जातात आणि पुढच्या पाइपात संसार मांडतात. त्यांच्या दृष्टीने पाइप म्हणजे स्वर्ग: अंधार, शत्रू नाही, आणि तोंडापुढून अन्न आणि ऑक्सिजन घेऊन चोवीस तास वाहणारं पाणी. त्यावर बोटीवर उपाय असतो तांब्याचा. गाळणीत तांब्याचे जाड दांडे बसवून त्यांतून वीज सोडायची, की तांबं अगदी नखभर मापाने, अब्जात काही भाग एवढंच, पाण्यात उतरत राहतं. तेवढ्यानेही पिल्लं चिकटायची थांबतात. एका जुन्या बोटीवर हे यंत्र कित्येक महिने बंद होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कूलर उघडला तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी शिंपल्यांची भिंत होती. मी आणि एक रत्नागिरीचा ऑइलर, आम्ही दोघांनी दोन दिवस ती खरवडली. तो मधेच म्हणाला, ‘साब, घरी ह्याच्यासाठी पैसे मोजतो आपण.’

गोड्या पाण्याचा कारखानाही पाच साबाकडेच. फ्रेश वॉटर जनरेटर नावाचं एक पिंप असतं. त्यातली हवा ओढून घेतली की आत पाणी चाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं. म्हणून इंजिनाच्या वाया जाणाऱ्या गरमीवर दिवसाला वीस-बावीस टन गोडं पाणी निघतं. पण किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैल दूर गेल्याशिवाय ते चालवायचं नाही, कारण एवढ्या कमी उष्णतेत जंतू मरत नाहीत आणि किनाऱ्याच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते गाळणीवाल्याला ठाऊक असतं. त्या पाण्याचा चहा पिऊन बघा. पाण्याला चव असते हे तेव्हा कळतं.

त्या पिंपाच्या नळ्यांवर काही महिन्यांत पांढरा थर धरतो. पाणी जास्त तापलं की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कॅल्शियम कार्बोनेट सुटतं आणि नळीला चिकटतं. ऐंशी अंशांच्या वर गेलं तर मॅग्नेशियमचाही थर बसतो, तो वेगळाच ताप. मी तो थर ॲसिड घालून काढायचो. बुडबुड्यांचा फेस यायचा आणि नळी मोकळी व्हायची. एकदा उगाच गंमत म्हणून त्याच ॲसिडात शिंपल्याचं कवच टाकलं. तोच फेस. माल एकच. मला जो थर नको होता तो जमवण्यासाठी कालवं आणि पोवळी जन्म खर्ची घालतात, आणि तेही उकळत्या नळीवर नाही, थंड पाण्यात, कणाकणाने. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, त्याचा पीएच ८.१ च्या आसपास, म्हणून त्यांना हे जमतं. कारखानदारी सुरू होण्याआधी तो ८.२ च्या जवळ होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात उतरतो आणि आकडा खाली सरकतो. दशांशानंतरचा एक आकडा बघून कोणाला काही वाटणार नाही. पण ही मोजपट्टी अशी आहे की तेवढ्या फरकात आम्लता पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते.

खारटपणा मोजायला आमच्याकडे रोजची एक चाचणी होती. बॉयलरच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात पिवळं पोटॅशियम क्रोमेट टाकायचं आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. मिठातलं क्लोराइड संपलं की पाणी विटकरी होतं. किती सिल्व्हर नायट्रेट लागलं त्यावरून क्लोराइड किती ते कळतं. एका रात्री माझ्या वॉचला, म्हणजे पाळीला, आकडा एकदम चढला, नेहमीच्या कितीतरी पट. समुद्राच्या पाण्यावर वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची एक नळी भोकसली होती आणि समुद्र बॉयलरात शिरला होता. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. पाणी काचेसारखं स्वच्छ.

खूप वर्षांनी कळलं, की समुद्रशास्त्रज्ञांनीही अनेक दशकं समुद्र हाच प्रयोग करून मोजला. एवढ्या मिठांतलं एकच क्लोराइड मोजून का भागतं? कारण जगातल्या सगळ्या महासागरांत मीठ कमीजास्त असलं तरी मिठातलं मिश्रण तेच असतं. ‘चॅलेंजर’ नावाची इंग्रजी बोट १८७२ ते १८७६ जगभर फिरली. तिने आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ मध्ये हे पक्कं केलं. सरासरी एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम जेमतेम ११, सल्फेट पावणेतीनच्या आसपास, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम ०.४-०.४. आमटी पातळ होईल किंवा घट्ट होईल, फोडणी बदलत नाही. नद्यांच्या तोंडाशी तेवढी बिघडते.

आमटी किती पातळ होऊ शकते ते बघितलं स्वीडनच्या उत्तर टोकाला, लुलेओ बंदरात. लोहखनिज भरायला गेलो होतो. चीफ ऑफिसर बादलीत पाणी काढून त्यात काचेची नळी सोडत होता, हायड्रोमीटर. पाणी गोड्या पाण्याच्या किती पट जड ते ती दाखवते. समुद्रात ही नळी १.०२५ दाखवते. तिथे १.००२. मला वाटलं नळी बिघडली. तो म्हणाला, ‘चाखून बघ.’ चाखलं. मचूळसुद्धा म्हणवेना, जवळजवळ गोडंच. बाल्टिकच्या त्या कोपऱ्यात नद्या एवढं पाणी ओततात, की किलोला दोन-तीन ग्रॅमच मीठ उरतं. हलक्या पाण्यात बोट जास्त बुडते. दहा-साडेदहा मीटर पाण्यात बसणारी आमची बोट तिथे वीतभर जास्त खाली होती. भरताना हा हिशेब आधीच करावा लागतो, म्हणजे बाहेर खाऱ्या पाण्यात आल्यावर ती आपोआप वर उचलली जाऊन भारमर्यादेच्या रेषेवर येते.

आणि बर्फ. खाऱ्या पाण्याचं एक तंत्र आहे. गोडं पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वरच राहतं आणि गोठतं. किलोला पंचवीस ग्रॅमच्या वर मीठ असलेलं पाणी मात्र गोठेपर्यंत जडच होत जातं. गार झालं की खाली बुडतं आणि खालचं कोमट वर येतं. म्हणून खरा समुद्र सहजासहजी गोठत नाही, आणि गोठला तरी उणे १.९ च्या आसपास. लुलेओचं पाणी गोड्याच्या जातीचं, त्यामुळे तिथे दर हिवाळ्यात समुद्रावरून गाड्या चालवता येतील असा बर्फ. आमच्या सी चेस्टमध्ये त्या बर्फाचा चुरा अडकला, पाणी येईना, आणि इंजिन तापायला लागलं. बाहेर उणे अठरा, आत गरमीचा अलार्म. बडा साब शिव्या देत होता आणि मी कूलरातून निघालेलं गरम पाणी परत सी चेस्टमध्ये वळवून बर्फ वितळवत होतो. हसू येत होतं, पण दाबलं.

त्याच बाल्टिकमध्ये खाली पोलंडच्या गदान्स्कला गाळणीत शिंपले मिळाले, अंगठ्याच्या नखाएवढे. पिल्लं असतील असं मी धरून चाललो. पिल्लं नव्हती, वाढच तेवढी. उत्तर समुद्रात हाच शिंपला बोटभर लांब होतो. शिंपल्याच्या अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्याबरोबर वरखाली होतं, त्याला दार बंद करण्यापलीकडे दुसरा इलाज नाही. कमी खाऱ्या पाण्यात नुसतं तगून राहण्यातच त्याची ताकद जाते, वाढायला उरत नाही.

माशाचं तसं नाही. बांगडा, सुरमई, पापलेट यांच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांश मीठ असतं. म्हणजे समुद्रातला मासा कायम तहानलेला. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. माझा फ्रेश वॉटर जनरेटर दोन माणसांएवढा उंच होता. बांगड्याचा त्याच्या कल्ल्यात मावतो. मोरीने (शहरात हिला शार्क म्हणतात) तिसराच मार्ग काढलाय. ती रक्तात युरिया साठवून ठेवते, त्यामुळे आतलं-बाहेरचं समसमान होतं आणि समुद्र प्यावा लागत नाही. मोरी शिळी झाली की मुतारीसारखा वास मारते त्याचं कारण हेच: जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. आई मोरी घेताना आधी नाकाशी धरायची, डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. आणि इतर मासळीच्या वासावर कोकम का चालतं, तेही मला बोटीवर वाचूनच कळलं. तो वास अमाइन नावाच्या रसायनांचा. आंबटाने ती बांधली जातात आणि हवेत उडत नाहीत. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग तुला तिथे पगार कशाचा देतात?’

वासाचा विषय निघालाच आहे तर फायर लाइनबद्दल सांगतो. आग विझवायची लाइन समुद्राच्या पाण्याने भरलेली असते आणि कवायत नसेल तेव्हा ते पाणी आत नुसतं उभं राहतं. बऱ्याच दिवसांनी व्हॉल्व्ह उघडला की पहिला फवारा काळा, आणि कुजक्या अंड्यांचा वास. नव्या पोरांना वाटतं संडासाची लाइन फुटली. खरं म्हणजे पाइपातल्या जिवांनी आधी सगळा ऑक्सिजन संपवलेला असतो. ऑक्सिजन संपला की काही जंतू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर, आणि सल्फेटवर जगणाऱ्यांचा उच्छ्वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. समुद्रात सल्फेट भरपूर, त्यामुळे त्यांची उपासमार होत नाही.

काळा समुद्र ही अशीच एक मोठी फायर लाइन आहे. वर नद्यांचं हलकं पाणी, खाली बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून तळाने येणारं भूमध्य समुद्राचं जड खारं पाणी; दोन्ही मिसळत नाहीत. दीडशे-दोनशे मीटरांच्या खाली ऑक्सिजन नाही, थेट तळापर्यंत तोच वास. आम्ही त्यावरून कितीदा गेलो, वर काही कळत नाही.

आणि आपला अरबी समुद्र? तो मधल्या टप्प्यावर आहे. साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत इथे ऑक्सिजन इतका कमी, की जंतू नायट्रेटवर उतरलेले असतात. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी हा एक. गरम आणि खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. तीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम, तर तेवढ्याच गरम समुद्रात सहाच्या थोडा वर. त्यात वरून कुजणाऱ्या प्लवकांचा पाऊस. पावसाळ्यात हे मधलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं, की सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते. हे वाचल्या दिवशी मी जेवताना गप्प होतो. माझ्या दारातल्या पाण्याखाली फायर लाइन.

एक पाप आमच्याही नावावर आहे, बॅलास्टचं. रिकामी बोट तरंगत डळमळते म्हणून तिच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं आणि माल घेताना दुसऱ्या देशात ओतायचं. पाण्याबरोबर अळ्या, बिया, जंतू सगळंच. त्याला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ च्या सप्टेंबरात लागू झाला, म्हणजे माझ्या नोकरीची तीस वर्षं झाल्यावर. त्याआधी मी किती समुद्र एकमेकांत ओतले याची मोजदाद नाही.

सगळं काही घाणेरडंच नव्हतं. जुन्या बोटींवर संडासाच्या टाकीला समुद्राचंच पाणी असायचं. ओमानच्या बाहेर एका रात्री मी वॉचवरून वर आलो. बाथरूमचा बल्ब गेलेला. अंधारात साखळी ओढली आणि भांडं निळ्या उजेडाने भरून गेलं. गाळणी, पंप, शंभर फूट पाइप, एवढं सगळं पार करून ते एकपेशीय जीव जिवंत आले होते आणि ढवळल्याबरोबर चमकत होते. मी आणखी तीनदा साखळी ओढली. मग सारंगाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या म्होरक्याला, उठवून आणलं. त्याने बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, ‘ह्यासाठी उठवलं?’ मला मात्र समुद्रात एवढं सुंदर दुसरं काही दिसलेलं आठवत नाही, आणि ते कुठे दिसलं हे घरी सांगायला बरीच वर्षं लागली.

शेवटच्या बोटीवरून उतरताना चीफ ऑफिसरने मला त्याचा जुना हायड्रोमीटर दिला. आता तो घेऊन मी खाडीवर जातो. मे महिन्यात भरतीला १.०२५, थेट समुद्र. जुलैत ओहोटीला वरचं पाणी १.००१, नदी. पण दगड बांधलेली बाटली तळाशी सोडून बूच ओढलं की तिथलं पाणी १.०१५ निघतं. वर पाऊस वाहत असतो आणि त्याच्याखाली समुद्र मुकाट आत आलेला असतो. खडकावरची कालवं अशा वेळी दार घट्ट लावून बसतात, दिवसचे दिवस. पाणी खारं झालं की उघडतात, खातात, भरतात.

गेल्या वर्षी पाऊस सरताना नळी आणि बादली घेऊन बसलो होतो. पलीकडच्या वाडीतल्या काकी कालवांचा अंदाज घ्यायला आल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या. माझा खटाटोप बघत उभ्या राहिल्या.

‘रे, ती नळी कित्याक होयी? जीभ आसा मा!’

वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं.

‘मचूळ. अजून पंधरा दिस.’

नळी १.०१२ दाखवत होती. पंधराव्या दिवशी १.०२० आली, तेव्हा काकी कोयती आणि डबा घेऊन माझ्या आधी खडकावर होत्या.